कठीण आणि तेलकट लाकडाचं पेन: तडा, पोपडे आणि पांढरे डाग टाळून पूर्ण करण्याची पद्धत

शिसव, एबनी, कोकोबोलो, स्नेकवुड, आफ्रिकन ब्लॅकवुड, लिग्नम व्हायटी, ऑलिव्ह. या लाकडांची पेनं लेथवरून (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावरून) उतरतात तेव्हा देखणी दिसतात. बिघडतात ती दोन-तीन महिन्यांनी. उभा तडा जातो, टोकाशी चकाकी सुटते, नाहीतर आतली पितळी नळीच लाकडात सैल फिरायला लागते. मग दोष पॉलिशला दिला जातो. खरं तर तडा गेलेलं बहुतेक पेन भोक पाडलं त्याच दिवशी बिघडलेलं असतं.

या लाकडांशी तीन गोष्टींवरून झगडावं लागतं: उष्णता, आत राहिलेला ओलावा आणि लाकडातलं तेल. खालची प्रत्येक पायरी या तिघांपैकी कशाला तरी आवर घालण्यासाठी आहे. मापं ७ मिमी नळीच्या, दोन भागांच्या, पिळून उघडणाऱ्या साध्या स्लिमलाइन पेनाची दिली आहेत. किट (पेनाच्या धातूच्या भागांचा आणि नळ्यांचा तयार संच) दुसरं असेल तर मापं बदलतील, क्रम हाच राहील.

## आधी हे जमवा

- किट, त्याच्या मापाचे बुश (कातताना लाकडाच्या टोकांना लावायच्या, माप दाखवणाऱ्या कड्या), ७ मिमीचा नवा किंवा नीट धार लावलेला ड्रिल बिट
- व्हर्नियर. बुशच्या मापावर भिस्त ठेवायची नाही, त्याचं कारण पुढे येईल
- संथ सुकणारा एपॉक्सी, ॲसिटोन, कापसाच्या काड्या
- सीए गोंद (सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लू), पातळ आणि मध्यम असा दोन्ही
- २४०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे कोरे पॉलिश पेपर. मायक्रोमेशचे (अतिबारीक घासणीचे) पॅड १५०० पासून १२००० पर्यंत
- सीए चिकटत नाही अशा प्लास्टिकचे शंकू-बुश
- ग्रॅमचा दशांश दाखवणारा लहान वजनकाटा

सावध: शिसव आणि कोकोबोलो ज्या गटातले आहेत, त्या डालबर्जिया गटातल्या लाकडांच्या धुळीची अनेकांना ॲलर्जी होते. अंगावर पुरळ येतं, डोळे सुजतात, दम लागतो. पहिल्या पेनाला काही झालं नाही म्हणून पाचव्याला होणार नाही असं नाही; ही ॲलर्जी संपर्क वाढत जाईल तशी जडते. कापडी रुमाल पुरत नाही, धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्क लावा. चेहऱ्यावर ढाल हवी, बाह्या वर दुमडलेल्या हव्यात. चालू लेथवर हातमोजे कधीही घालायचे नाहीत.

## पायरी १: लाकूड खरंच वाळलंय का, ते ठरवा

दाट लाकूड फार हळू वाळतं. मेणात बुडवलेला ब्लँक (पेनासाठीचा लाकडाचा चौकोनी तुकडा) हातात आला की तो ओला आहे असंच धरून चाला. आतला ओलावा एकदम निघून टोकं फाटू नयेत म्हणूनच मेण लावलेलं असतं. चारही लांब बाजूंचं मेण खरवडून काढा, दोन्ही टोकांचं तसंच राहू द्या. वजन करा, तारीख घालून ब्लँकवरच लिहा. दर आठवड्याला पुन्हा वजन करा. सलग तीन आठवडे आकडा जागचा हलला नाही की लाकूड त्या खोलीतल्या हवेशी जुळलं. त्याच्या आधी करवत लावू नका.

ओलाव्याची एवढी धास्ती कशासाठी? पितळी नळी आकसत नाही. लाकूड आडव्या दिशेने आकसतं. स्लिमलाइनच्या टोकाशी पेनाचा व्यास जेमतेम ८.४ मिमी असतो. त्यातून नळीचे ७ मिमी वजा केले की लाकडाची भिंत प्रत्येक बाजूला ०.७ मिमी उरते. एवढ्याशा कवचाला न आकसणाऱ्या नळीभोवती आकसावं लागलं तर त्याला फाटण्यावाचून मार्ग राहत नाही.

स्नेकवुड आणि एबनीसाठी एक जास्तीची पायरी आम्ही कधीच गाळत नाही. ब्लँक कापून झाला (पायरी २) की त्यात आधी ५ किंवा ५.५ मिमीचं भोक पाडा आणि तो दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा. भोकातून लाकूड आतूनही वाळतं, अंगातला ताण मोकळा होतो. फाटायचं असेल तर ते याच वेळी फाटेल, म्हणजे किट वाया जाणार नाही.

तपासा: टोकाचा मेणाचा थर किंचित कापून कडेवर बोटाने ॲसिटोन फिरवा. ते उडून जात असताना केसासारख्या भेगा क्षणभर गडद रेघा होऊन उठून दिसतात. भेग ज्या टोकाला असेल तिथून ती संपेपर्यंत लाकूड छाटा. भेगेत गोंद भरून पुढे जाण्याचा मोह आवरा.

## पायरी २: खुणा आणि कापणी

ब्लँक साधारण १९ मिमी चौरस घ्या. कापण्याआधी एका बाजूवर, मधली कापरेघ जिथे येणार तिच्यावरून तिरकी रेघ मारा, म्हणजे दोन्ही तुकडे जोडताना लाकडाच्या रेषा जुळतील. ही खूण कातताना निघून जाते. म्हणून नळी चिकटवल्यावर तिच्या आतल्या बाजूला, पेनाच्या मध्याकडच्या टोकाला, पक्क्या मार्करचा एक ठिपका करून ठेवा. रेषा उलट्या लागलेल्या पेनांच्या मागे जवळजवळ नेहमी हा राहून गेलेला ठिपका असतो.

प्रत्येक तुकडा नळीपेक्षा किमान १० मिमी लांब कापा. मऊ लाकडाला ३ मिमी जास्तीचे पुरतात. इथे ते पुरत नाहीत, कारण पुढच्या पायरीत भोक आरपार न्यायचंच नाहीये.

## पायरी ३: भोक

सगळ्यात जास्त पेनं इथे मरतात. कळतं मात्र फार उशिरा.

दाट लाकडात बिटच्या खोबणी भुशाने लगेच भरतात. भुसा बाहेर पडला नाही की तो भोकातच घासला जातो. तापमान इतकं वाढतं की आतला पृष्ठभाग करपतो आणि तेल वितळून भिंतीवर पसरतं. करपलेल्या, तेल माखलेल्या भिंतीला गोंद धरत नाही. शिवाय आतून तापलेलं आणि बाहेरून थंड लाकूड भोकापासून बाहेरच्या दिशेने बारीक तडकतं. हे तडे बाहेर दिसत नाहीत. बॅरल (नळीभोवतीचा लाकडाचा भाग) ८ मिमीपर्यंत कातली की ते पृष्ठभागावर येतात आणि आपल्याला वाटतं की कातताना काहीतरी चुकलं.

क्रम असा ठेवा:

1. ब्लँक लेथच्या चकमध्ये (फिरत्या पकडीत) धरा आणि बिट टेलस्टॉकमधल्या (लेथच्या न फिरणाऱ्या, सरकत्या टोकातल्या) ड्रिल चकमध्ये लावा. उभ्या ड्रिलपेक्षा भोक सरळ येतं.
2. आधी सेंटर ड्रिलने (आखूड, न वाकणाऱ्या बिटने) खड्डा पाडा. कठीण लाकडाच्या रेषा बिटला बाजूला ढकलतात, आणि सुरुवातीला अर्धा मिमी सरकलेला बिट दुसऱ्या टोकाला दोन मिमी सरकलेला निघतो.
3. वेग ५०० ते ६०० आरपीएम (मिनिटाला फेरे). त्याहून जास्त नको.
4. एका वेळी ५ मिमी आत जा, बिट पूर्ण बाहेर काढा, ब्रशने खोबणी साफ करा आणि मगच पुन्हा आत जा.
5. दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला लेथ थांबवून बिटला बोट लावून बघा. बोट ठेववत नसेल तर बिट थंड होईपर्यंत थांबा.
6. नळीच्या लांबीपेक्षा ५ मिमी खोल गेलात की थांबा. भोक आरपार काढू नका. मागच्या बाजूने लाकडाचा टवका उडतो तो बिट बाहेर पडण्याच्या क्षणी.
7. ब्लँक काढून बंद टोकाकडून करवतीने कापा, म्हणजे भोक उघडं होईल.

सावध: बिट सहज जावा म्हणून त्याला मेण किंवा तेल लावण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो. पेनासाठी तो घातक आहे. ते मेण भोकाच्या भिंतीवर राहतं आणि तिथे एपॉक्सी धरत नाही.

भोक झालं की त्या दिवशीचं काम संपलं. ब्लँक निदान २४ तास ठेवा. ताजं, गरम भोक आणि दुसऱ्या दिवशीचं थंड भोक एकाच मापाचं असेलच असं नाही.

तपासा: दुसऱ्या दिवशी कोरडी नळी आत सोडून बघा. ती बोटाच्या हलक्या दाबाने सरकली पाहिजे. ठोकून घालावी लागत असेल तर सगळा गोंद तोंडाशीच खरवडला जाईल आणि नळी आत कोरडी राहील. अशा वेळी ९/३२ इंची बिट, म्हणजे ७.१४ मिमी, एकदा हलका फिरवा. नळी आत खुळखुळत असेल तर तो तुकडा बाजूला काढा. भोक आणि नळी यांतली मोठी फट गोंदाने भरली तरी कातताना तिथलं लाकूड आधाराअभावी फुटतं.

## पायरी ४: नळी चिकटवणं

मऊ लाकडाला सीएने नळी चिकटवण्याची सवय लागलेली असते. तेलकट लाकडात ती सवय सोडा. सीएचा जोड ठिसूळ असतो, तेलावर तो अर्धवट धरतो, आणि कधीकधी नळी अर्ध्यावर असतानाच घट्ट होतो. फसफसून फुगणारा पॉलियुरेथेन गोंदही टाळा, तो सुकताना नळीलाच बाहेर ढकलतो. संथ एपॉक्सी वापरा. पाच मिनिटांचा चालतो, पण दोन नळ्या घाईत बसवताना चूक होते.

1. नळीचा बाहेरचा भाग १५० नंबरच्या पेपरने आडवा-तिरका खरवडा. पितळेची चमक पूर्ण गेली पाहिजे.
2. नळी ॲसिटोनने पुसा. त्यानंतर तिला बोट लावायचं नाही.
3. नळीची टोकं मेणाच्या किंवा मातीच्या पातळ चकतीने बंद करा, म्हणजे गोंद आत शिरणार नाही.
4. कापसाची काडी ॲसिटोनमध्ये बुडवून भोकातून फिरवा. काडीला रंग येईल, कोकोबोलोला तर चांगलाच येतो. रंग फिका पडेपर्यंत काड्या बदला.
5. ५ ते १० मिनिटं थांबा. ॲसिटोन उडू द्या, पण त्याहून जास्त वेळ घालवू नका. लाकडातलं तेल पुन्हा वर यायला लागतं.
6. एपॉक्सीचे दोन भाग सारखे घेऊन मिनिटभर नीट मिसळा. काडीने भोकाच्या भिंतीला लावा, नळीलाही लावा.
7. नळी फिरवत आत घाला. तोंडाशी गोंदाचं कडं जमा झालं तर नळी काढून दुसऱ्या टोकाने तशीच घाला. शेवटी नळी दोन्ही टोकांपासून किंचित आत हवी.
8. पूर्ण २४ तास हलवू नका. खोली गार असेल तर ३६.

सुकल्यावर चकत्या काढा आणि नळीच्या आत गोंद राहिलाय का ते उजेडाकडे धरून बघा. राहिला असेल तर गोल कानशीने किंवा पातळ पात्याने आत्ताच खरवडून टाका. जोडणीच्या वेळी बॅरल फुटते, त्याचं मोठं कारण आत चिकटलेला हा गोंद असतो.

## पायरी ५: टोकं काटकोनात आणणं

यासाठी नळीत दांडा घालून फिरवायचं ट्रिमर नावाचं कातर मिळतं. कठीण लाकडावर ते दोन प्रकारे घात करतं: पातं बोथट असेल तर टोकाचा टवका उडवतं, आणि जोरात दाबलं तर टोक तापवून भेगा पाडतं. आमची पसंती सँडिंग डिस्कला आहे. नळीत घट्ट बसणारी दांडी, तिला डिस्कशी काटकोनात धरणारा साधा ठोकळा आणि १२० नंबरचा पेपर एवढं पुरतं. ट्रिमरच वापरायचा असेल तर आधी टोकाच्या लाकडाला पातळ सीए पाजा, सुकू द्या, आणि ट्रिमर हाताने किंवा अगदी मंद वेगात, थांबत थांबत फिरवा.

कधी थांबायचं? पितळेची पूर्ण कडा उजळ दिसली की त्याच क्षणी. नळी अर्धा-पाऊण मिमीने आखूड झाली तरी पेनाचा हिशेब चुकतो: रिफिल पूर्ण आत जात नाही, नाहीतर दोन भागांमध्ये फट राहते.

तपासा: बॅरल काचेवर उभी करून मागे दिवा धरा. खालून कुठेही उजेडाची रेघ दिसता कामा नये. टोक तिरकं राहिलं तर बुश तिरका बसतो आणि बॅरल लंबगोल कातली जाते. पुढे कितीही घासलं तरी धातू आणि लाकूड यांतली पायरी एका बाजूला राहतेच.

## पायरी ६: कातणं

मँड्रेलचा (बॅरल आणि बुश ज्यावर ओवून लेथवर लावतात त्या बारीक पोलादी दांडीचा) नट फक्त बोटांनी आवळा, पाना लावू नका. जास्त आवळला किंवा टेलस्टॉक जोरात दाबला की मँड्रेल धनुष्यासारखं वाकतं. डोळ्यांना ते दिसत नाही, व्हर्नियरवर दिसतं. दाट लाकूड छिन्नीला जोराने परतवतं, त्यामुळे हा वाक आणखी वाढतो. शक्य असेल तर एका वेळी एकच बॅरल लावा, किंवा मँड्रेल सोडून दोन्ही बाजूंना ६० अंशाचे सेंटर वापरून थेट बुशवर काता.

टूल रेस्ट (छिन्नी टेकवायची पट्टी) लाकडापासून ३ मिमीवर ठेवा. लेथ चालू करण्याआधी हाताने एक फेरा फिरवून चारही कोपरे मोकळे जातात ना ते बघा. कोपरे मोडेपर्यंत १५०० आरपीएम, गोल झाल्यावर २५०० पर्यंत.

कोपरे मोडायला रफिंग गाऊज (खोलगट पात्याची छिन्नी) घ्या आणि प्रत्येक वेळी अगदी कमी लाकूड घ्या. पुढे स्क्यू छिन्नी (तिरक्या धारेची सपाट छिन्नी), किंवा कार्बाइडचं चौकोनी पातं सुमारे ४५ अंश तिरकं धरून. पातं सपाट धरलं की ते लाकूड कापत नाही, खरवडतं. आणि गुंतलेल्या रेषांच्या लाकडात खरवडणं म्हणजे तंतू उपटणं. उपटलेला खड्डा अर्धा मिमी खोल असू शकतो आणि आपल्याकडे एकूण भिंतच ०.७ मिमी आहे.

धार किती वेळा लावायची याला एकच उत्तर आहे: वाटतं त्याच्या दुप्पट वेळा. धार गेली की लाकडाचा चर्र असा कर्कश आवाज येतो आणि पृष्ठभाग गरम लागतो. तुटक चुऱ्यावरून अंदाज बांधू नका, एबनी आणि ब्लॅकवुड चांगल्या धारेलाही बारीक चुराच देतात. आवाजावर आणि बोटावर विश्वास ठेवा.

१० मिमी व्यासाला थांबून निरीक्षण करा. एखादी भेग वर आली असेल तर पातळ सीएचा एक थेंब सोडा, आपोआप सुकू द्या, मग पुढे जा. इथे सुकवणारा स्प्रे वापरू नका. सीए एकदम घट्ट होताना तापतो आणि भेग रुंदावते.

मापाबद्दल: बुश वापरून वापरून झिजतात, आणि किटचे सुटे भागही छापील मापाचे असतातच असं नाही. धातूचा प्रत्येक भाग, म्हणजे टोक, मधली कडी आणि क्लिपची टोपी, व्हर्नियरने मोजा आणि कागदावर लिहून लेथजवळ लावा. छिन्नीचं काम संपताना लाकूड त्या आकड्यापेक्षा ०.२ मिमी जाड हवं. बाकीचं पेपरने निघेल.

## पायरी ७: घासणं

लोखंडी बुश आता काढा आणि प्लास्टिकचे शंकू लावा. पेपर लोखंडाला लागला की काळी धूळ लाकडाच्या छिद्रांत बसते. ऑलिव्हसारख्या फिक्या लाकडात ती काही केल्या निघत नाही.

वेग ८०० आरपीएमच्या खाली. २४० पासून सुरू करा, ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून रेषांच्या दिशेने, लांबीत, पाच-सहा हात मारा. आडवे ओरखडे दिसेनासे झाले की मगच पुढचा नंबर. पेपर एका बोटाने, हलका धरा. बोटाला चटका बसला तर एबनीवर भेग पडलीच असं समजा. तेलकट लाकडाने पेपर लवकर बुजतो, आणि बुजलेला पेपर घासत नाही, फक्त तापवतो. तुकडे लहान करा, लगेच बदला.

दोन रंगांची लाकडं जोडलेली असतील, किंवा गडद लाकडाला फिकी पट्टी असेल, तर धूळ ॲसिटोनने पुसू नका. गडद लाकडाचा रंग विरघळून फिक्यात उतरतो. हवेच्या झोताने उडवा.

इथे पुन्हा एक रात्र. उष्णतेच्या उशिरा उमटणाऱ्या भेगा सकाळपर्यंत दिसतात, आणि आत्ता त्या बुजवणं पॉलिशनंतरच्या दुरुस्तीच्या मानाने फार सोपं आहे.

## पायरी ८: पॉलिश

आधी ठरवा: वर थर हवाय का? ब्लॅकवुड, लिग्नम व्हायटी आणि चांगली एबनी यांना आम्ही सीए लावत नाही. ही लाकडं स्वतःच इतकी दाट असतात की मायक्रोमेशच्या १२००० पर्यंत कोरडी घासून, कापडी चाकावर बफ करून, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला की काचेसारखी दिसतात. सुटायला थरच नसतो. काही महिन्यांनी पुन्हा मेण लावलं की झालं.

सुकणारी तेलं, म्हणजे डॅनिश ऑइल किंवा जवसाचं तेल, शिसव-कोकोबोलोवर वापरू नका. या लाकडातली नैसर्गिक द्रव्यं तेलाचं सुकणं रोखतात आणि पेन आठवडाभर चिकट राहतं. लाख आणि मेण मिसळलेलं फ्रिक्शन पॉलिश लेथवर सुंदर चमकतं, पण रोजच्या हातात काही आठवड्यांत मंद होतं.

सीएच लावायचा असेल, आणि शिसव, स्नेकवुड, ऑलिव्ह यांवर तो नीट बसवला तर टिकतो, तर असं करा:

1. घासलेल्या लाकडाचा व्यास धातूच्या मापापेक्षा सुमारे ०.१ ते ०.२ मिमी कमी हवा. ही जागा थर भरून काढणार आहे.
2. लेथ मंद फिरवत ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कागदी टिपाने (टिश्यू पेपरने) पुसा. कागदावर रंग येणं कमी होईपर्यंत दोन-तीनदा.
3. पाच मिनिटांच्या आत पहिला थर. उशीर झाला तर पुन्हा पुसा.
4. पहिले दोन-तीन थर पातळ सीएचे. कागदी टिपाची पट्टी खालून लावून एकाच सरळ हाताने डावीकडून उजवीकडे. त्याच जागेवर परत जाऊ नका. अर्धवट सुकलेला गोंद ओढला जाऊन रेघा पडतात.
5. दोन थरांत दोन मिनिटं जाऊ द्या.
6. मग मध्यम सीएचे सहा ते आठ थर.
7. सुकवणारा स्प्रे लागलाच तर ३० सेंमीवरून एक हलका फवारा. जवळून मारला तर थरात पांढरे फुगे अडकतात.

सावध: सीए सुती कापडावर किंवा कापसावर ओतू नका. सुताशी त्याची क्रिया वेगाने होऊन तीव्र उष्णता निघते, बोट भाजतं आणि धूर येतो. कागदी टिपच वापरा, खिडकी उघडी ठेवा, चष्मा घाला.

थर झाले की काही तास थांबा. आधी ६०० नंबरच्या पेपरने सपाट करा. चमकणारे ठिपके म्हणजे खड्डे. ते सगळे जाऊन पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला पाहिजे. चमक राहिली असताना मायक्रोमेशकडे वळलात तर शेवटी संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग मिळेल. घासता घासता मधेच लाकडाचा रंग पेपरवर आला तर थर संपला. ॲसिटोन, पुन्हा तीन-चार थर.

मायक्रोमेश ओला वापरतात, पण पाणी शिरतं ते टोकाच्या उघड्या लाकडातून, आणि मग कडेला थराखाली पांढुरकं कडं उमटतं. म्हणून पाण्याआधी टोकांना पातळ सीए लावून बंद करा. शेवटी प्लास्टिक पॉलिश.

काढताना: बुशाला गोंद चिकटला असेल तर बॅरल ओढू नका. धारदार पात्याने सांध्यावर फिरती रेघ मारून थर तोडा, मग हलकं पिळून सोडवा. टोकावर राहिलेला गोंदाचा ओठ सपाट पेपरवर दोन-तीन वेळा घासून काढा.

## पायरी ९: जोडणी

नळीच्या आतली कडा एकदा पात्याने किंचित तिरकी करा. त्यामुळे धातूचा भाग सरळ शिरतो. सगळे भाग क्रमाने मांडा आणि मार्करचे ठिपके मध्याकडे आहेत ना ते बघा.

1. खालच्या बॅरलला टोक. आधी हाताने सरळ बसवा, मग दाबा.
2. त्याच बॅरलच्या दुसऱ्या बाजूने पिळायची यंत्रणा, पितळी बाजू आत. तिच्यावरच्या खाचेच्या खुणेपाशी पोचण्याआधी थांबा, रिफिल लावा, पिळून बघा. अर्ध्या मिमीने पुढे जा आणि पुन्हा बघा. रिफिलचं टोक उघडल्यावर सुमारे ३ मिमी बाहेर आणि मिटल्यावर पूर्ण आत हवं.
3. वरच्या बॅरलला क्लिप आणि टोपी.
4. मधली कडी, मग वरचा भाग रेषा जुळवून सरकवा.

दाबताना कुठे जोर लागतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. दाट लाकूड इशारा न देता फुटतं. भाग बाहेर काढा, नळीत गोंद आहे का ते पुन्हा बघा. नसेल तर धातूच्या भागाचा घुसणारा घेर बारीक कानशीने थोडा कमी करा आणि एपॉक्सीच्या टिपक्याने चिकटवा.

## बिघडलंच तर

*टोकाशी फिकट डाग:* तिथे थर लाकडापासून सुटलाय. वरून आणखी सीए सोडून तो आत जात नाही. पेन उघडून, बॅरल लेथवर लावून थर पूर्ण काढा आणि ॲसिटोनपासून सुरुवात करा.

*जोडल्यावर केसाएवढी भेग:* नखाला लागत नसेल तर सुईच्या टोकाने पातळ सीए सोडा, दिवसभर सुकू द्या, मायक्रोमेशने सपाट करा. नखाला लागत असेल तर लाकूड अजून आकसतंय, भरलेली भेग पुन्हा उघडेल. ती बॅरल सोडून द्या.

*यंत्रणा जास्त आत गेली:* रिफिल काढा आणि नळीपेक्षा बारीक पोलादी दांडी यंत्रणेच्या बाजूने आत घालून टोक हलक्या ठोक्यांनी बाहेर काढा. यंत्रणेतून दांडी जात नसेल तर रबराच्या तुकड्यात यंत्रणा पकडून, पिळत पिळत आधी ती उपसा. बॅरल हातात धरा, शिकंज्यात आवळू नका. धातूचे भाग शाबूत निघाले तर त्याच किटवर दुसरी बॅरल चढवता येते. फक्त नव्या नळ्या लागतील, आणि त्या जुन्या नळ्यांच्या लांबीशी व्हर्नियरने ताडून घ्या.